आऽ कर

पलीकडच्या बोळातला वंशी गेला मंगळवारी.
सात वर्षांचा. हारिकाच्या पुढच्या बाकावर बसायचा.
बुधवारी शाळेनं बाकं फिनेलनं धुतली,
गुरुवारी आशाताई दारावर खडूनं आकडे टाकून गेली,
आणि तेव्हापासून माझ्या मोबाईलची बॅटरी
सगळी टॉर्चमध्येच जाते.

नोरु तेरुवु, म्हणतो मी. आऽ कर.
तिला त्याचा खेळ झालाय,
जीभ काढून सिंहीण होते.
चमच्याच्या दांड्यानं दाबतो, वाकतो,
पडजीभ, दोन गाठी, ओला लाल अंधार,
आणि कडेला पांढरं काहीतरी.
भात आहे तो, नान्ना, ती म्हणते
तोंड न मिटता.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा बापांना
सिव्हिलच्या जिन्यात उभं करून सांगितलं होतं:
करडी साय धरते घशात,
खरवडली तर रक्त येतं, ओढायची नाही.
मागच्या एकानं विचारलं, खळीसारखी का?
बाईंना खळ माहीत नव्हती.
आम्हाला सगळ्यांना माहीत होती.
सुताला लावतो आम्ही, तुटू नये म्हणून.

घटसर्प.
घट म्हणजे काय ते मास्तरांना विचारायला हवं.
मला घट म्हणजे मडकं, एवढंच ठाऊक.
पाचव्या दिवशी नळ येतो आमच्याकडे,
घरभर मडकी, पिंपं, घागरी,
आता प्रत्येकीचं झाकण उचलताना
हात जरा थांबतो.

कार्ड सापडलं. पद्माच्या विडीच्या पासबुकात होतं.
गेल्या उन्हाळ्यात पहाटे पिंप उतू गेलं
तेव्हा कपाटाचा खालचा कप्पा भिजला होता.
दीड महिना, अडीच, साडेतीन: शिक्के दिसतात.
दीड वर्षं: दिसतो.
पाचव्या वर्षाच्या चौकोनात
नुसता निळा ढग.

पद्मा म्हणते, दिली. रात्री ताप होता, तुम्ही पाळीवर होता.
मी म्हणतो, तो ताप गड्ड्यावरून आल्यावरचा.
ती म्हणते, त्या दिवशी हजार विड्या झाल्या नाहीत,
म्हणून तर लक्षात आहे.
मी म्हणतो, हजार व्हायला पाहिजेत म्हणूनच
गेली नसशील.

हे बोलायला नको होतं.
ती पानं कापत राहिली.
कात्री, पान. कात्री, पान.

आठ माग एकटा बघतो मी.
एक धागा तुटला तर पाठमोरा असलो तरी कळतं.
लोक म्हणतात, काय कान आहे.
कान कसला, कान कधीच गेले त्या धडधडाटात,
पायाखालच्या फरशीतून कळतं मला.
म्हणून घरी हिचा श्वास ऐकू येत नाही.
पद्मा ऐकते. मी तळहात ठेवतो छातीवर
आणि फरशी समजून वाट बघतो.

वंशीचा बाप मल्लेशम नवव्या दिवशी कामावर आला.
त्याच्या मागावर मोराची चादर आहे, मालाची घाई.
आम्ही डबे घेऊन जरा लांब बसलो.
कुणी कुणाला लांब बस म्हटलं नव्हतं.
हात धुताना त्यानंच विचारलं,
पोरगी कशी आहे रे?
बरी आहे, म्हणालो,
आणि चोरी पकडल्यासारखा नळ बंद केला.

सोमवारी शाळेत सुई आहे.
आधी दिली असली तरी पुन्हा चालते म्हणे.
पद्मानं त्या दिवसाच्या विड्या आजच वळायला घेतल्यात,
दिव्याखाली, माझ्याकडे न बघता.

आता तुम्ही, हारिका म्हणते, आणि मोबाईल हिसकावून घेते.
मी आऽ करतो. तंबाखूचे दात, तिच्यासमोर.
ती वाकते, माझ्यासारखीच, एक डोळा मिटून.
खूप वेळ बघते.
नान्ना, वंशीच्या आत काय होतं?

टॉर्च बंद कर, म्हणतो मी.
बॅटरी संपेल.