दोन छेद तीन

धानाच्या जुन्या गोदामात आता अभ्यासिका भरते.
एक ट्यूबलाईट, अकरा खुर्च्या,
आणि कोंड्याचा वास, जो अजून गेला नाही,
नेमका रिव्हिजनच्या वेळी नाकात शिरतो.

नन्नावरे सर शनिवारी वडशाहून येतात.
फळ्यावर उतार काढतात, उतारावर ठोकळा,
आणि म्हणतात, घर्षण नगण्य माना.
मी मानते.
ठोकळा सोडते, वेग काढते, चार गुण घेते.
मग बोडीच्या पाळीवरून सायकल हाणत घरी निघते
तेव्हा जगातलं सगळं नगण्य घर्षण
माझ्या पोटऱ्यांत येऊन बसतं.

तरी भौतिकशास्त्र तोंडावर भांडतं.
भिंगाच्या सूत्रात एक उणे विसरले
तर प्रतिमा भलत्याच बाजूला जाऊन उभी राहते
आणि तिथून हात हलवते.

जीवशास्त्र गोड बोलून फसवतं.
खालीलपैकी अयोग्य विधान निवडा, म्हणतं,
आणि चारही विधानं लग्नातल्या पाहुण्यांसारखी
नीट भांग पाडून बसलेली.
परवा मी ‘अयोग्य’ वाचलंच नाही.
पहिलंच पटलं, गोल काळा केला.
मिळायचे चार गेले, वर एक दंड.

तर प्रश्न क्रमांक ब्याऐंशी.
वंशावळीचा तक्ता.
चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई,
काळा भरलेला म्हणजे आजारी.
आईबाप दोघंही धडधाकट, मुलगा सिकलसेलचा,
मुलगी निरोगी.
ती वाहक असण्याची शक्यता किती?

मी लिहिलं, एक छेद दोन.
उत्तरसूचीत दोन छेद तीन.
पुन्हा चार घरांची चौकट आखली:
एक कोरं, दोन वाहक, एक आजारी.
चारात दोन. अर्धेच की.
सूचीच चुकली असेल, म्हटलं,
मागच्या संचात यांनी वटवाघूळ पक्ष्यांत बसवलं होतं.

समोर सुगत. पायांवर दुलई, शेजारी दोन लिटरची बाटली,
थंडी पडली की त्याचे गुडघे त्याला झोपू देत नाहीत,
म्हणून माझ्यासोबत जागतो.
पुस्तक त्याने स्वतःकडे फिरवलं.
“हे तं आपलंच घर होय वो.
हा काळा चौकोन मी. हा गोल, थो तू.”
मग माझ्या चौकटीतल्या चौथ्या घरावर बोट ठेवलं.
“इथं मी बसलो. तू इथं नाही, हे तं पक्कं ना?
मंग याले काहून मोजून राहिली?”

त्याच्या बोटाखाली ते घर झाकलं गेलं.
उरली तीन.
तिनांत दोन.

मुलगी निरोगी. दोनच शब्द होते,
मी ते ‘बाकी सर्व कुशल’सारखे वाचून पुढे गेले होते.
ती दिलेली माहिती होती.
अठरा वर्षं मला दिलेली,
आणि मी ती कधी वापरलीच नाही.

आईबाबांची पिवळी कार्डं रेशनकार्डाच्या आत असतात,
सुगतचं लाल, दप्तराच्या वरच्या कप्प्यात.
माझं नाही.
आठवीत तपासणीची गाडी शाळेत आली त्या दिवशी
मी बोडीत गुडघाभर पाण्यात शिंगाडे काढत होते.
रक्त न देता सुटले म्हणून खूश झाले होते.

“दोन छेद तीन म्हंजे लय का?” सुगतने विचारलं.
मी म्हटलं, अर्ध्यापेक्षा थोडं जास्त.
“मंग जाऊन येऊ सोमवारी. लहान सुई असते,
मले विचार.”
हसला, आणि तसाच पुस्तकावर डोकं टेकून झोपला.

त्र्याऐंशीवा त्याच्या कोपराखाली राहिला.
मी कोपर हलवलं नाही.
चौऱ्याऐंशीवा कप्पीचा होता,
त्यातल्या दोरीला वजन नाही असं लिहिलं होतं.
बाटली रिकामी दिसली.
उठून ती भरून आणली, दोन लिटर, दोन किलो,
त्याच्या हाताशी ठेवली,
मग पेन शोधलं.