काटा मानवतवर

कॅबिनेट सागवानाचं नाही, खरं सांगतो.
जुन्या पाळण्याच्या फळ्या, त्याही कडुनिंबाच्या.
शेख मुनीरनं त्यांना चहाचं पाणी पाजलं,
वर पॉलिशचे तीन हात दिले,
आणि परभणीच्या हॉलमधे लोक टिचकी मारून म्हणाले,
वा, बर्मा टीक.

आत तीन व्हॉल्व्ह.
एक हैदराबादच्या जुमेरात बाजारातला,
एक गंगाबिशनच्या बंद टॉकीजच्या ॲम्प्लिफायरमधून उपटलेला,
तिसरा कुठला, ते मुनीर सांगत नाही.
स्पीकरपुढे हिमरूचा तुकडा.
कॉइल माझी: औषधाच्या डब्यावर एकशे दहा वेढे.
शहाण्णवला नातीनं हाक मारली,
मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि डायल.
काचेच्या मागून, उलट्या अक्षरांत रंगवावी लागते.
जुन्या डायलींवर लंडन असायचं, अंकारा, कोलंबो,
जिथं आम्ही कधी गेलो नाही
पण बोटानं रोज रात्री पोचायचो.
ब्रश उचलला आणि वाटलं, कामून?
लिहिलं: सेलू. पाथरी. मानवत. जिंतूर.
गंगाखेड जरा तिरकं आलं, तसंच ठेवलं.
पूर्णेला जागा उरली नाही.

अर्थिंगची तार खिडकीतून हॉलमागच्या हापशाला.
पोरं येत होती, फोटो काढत होती,
ऐकत कुणीच नव्हतं.

तीन वाजता केवळबाई आल्या,
सोबत नातू, ज्याला यायचं नव्हतं.
देवळातली देणगीदारांची पाटी वाचावी
तशी त्यांनी डायल वाचली, एकेक अक्षर.
म्हणल्या, मानवत लाव.
म्हटलं, मावशी, नुसतं नाव आहे ते.
मानवतचं स्टेशन रेल्वेचं, तेही गावाबाहेर.
लाव की.

काटा सरकवला.
खरखर. तेलुगू बातम्यांचं शेपूट.
मग घूंऽऽ, जाड, एकसुरी,
फिल्टरचा कपॅसिटर सुकला की येते ती घरघर.
मी ओशाळलो.
मुनीर स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

बाईंनी हात आडवा धरला.
राहू दे. जिनिंग आहे ही.
बारा वर्सं रेच्यावर कापूस टाकला मी,
पट्टा तापला की असाच बोलायचा.
थांब जरा, आता भोंगा होईल.

आम्ही थांबलो.
मुनीर, मी, त्या,
आणि खिशात मोबाइल ठेवून नातूसुद्धा.
घूंऽऽ चालू होतं.
बाईंनी पदरावरचं काहीतरी झटकलं,
जे तिथं नव्हतं.

भोंगा झाला नाही.
किती वेळ उभे होतो, कुणी मोजलं नाही.

पुढचं प्रदर्शन लातूरला.
नवा कपॅसिटर आणून ठेवलाय टेबलाच्या खणात,
पाकीट फोडलेलं नाही.
पूर्णा मात्र कुठेतरी बसवली पाहिजे.
काचेच्या कडेला, बारीक अक्षरात,
उलटी.