उसना विस्तव

शाळेचा बॉयलर मी पेटवतो,
नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे मार्चमध्येही
बादलीतल्या पाण्यावर पहाटे साय धरावी तसा बर्फ धरतो.
कोळसा माझा, राख माझी,
सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
म्हणून त्या संध्याकाळी मीही तिथे होतो.
नाहीतर मला काय कळतंय त्यातलं.

भिंतीला लागून बारा कॉम्प्युटर,
कुठल्याशा बँकेने टाकून दिलेले.
सुरू केले की निळा पडदा, पांढरी अक्षरं,
मग पंखा नुसता उसासे टाकत राहायचा.
भौतिकशास्त्राच्या नुरझात बाई म्हणाल्या,
अंगाने धडधाकट आहेत,
आत कुणी राहत नाही.

बिश्केकहून त्यांची भाची आली, आयझिरेक,
मांडीवर चंदेरी लॅपटॉप, दुसऱ्याच घराण्यातला.
त्याच्यावरून म्हणे यांच्यासाठी पेनड्राइव्ह बनवायचा.
आणि अख्ख्या शाळेत मोठा पेनड्राइव्ह एकच:
स्वयंपाकघरातल्या उमसुनायचा.
त्यात तिची तुर्की मालिका,
शेवटचे दोन भाग बघायचे राहिलेले.

"सगळं पुसलं जाईल," आयझिरेक म्हणाली.
उमसुनाय एप्रनला हात पुसत राहिली,
कोरडे झाले तरी पुसतच राहिली.
"तो परत येतो का तिच्याकडे,
एवढं तरी सांगा कुणीतरी."
कुणालाच माहीत नव्हतं.
"बरं. न्या."

काळ्या खिडकीत एकच ओळ.
आयझिरेकने ती लिहिली आणि हात मांडीवर ठेवले.
"डिस्क चार. मावशी, तू बघ. बेक्तुर, तूही बघ.
आकडा चुकला तर माझाच संसार पुसला जाईल."
नववीतल्या बेक्तुरने बोट ठेवून वाचलं.
मीही वाचलं. चारच होता.
मग एंटर.

मग काहीच नाही.
ना टक्के, ना घड्याळ,
पेनड्राइव्हच्या टोकाला एक हिरवा ठिपका
आपल्याशीच काहीतरी मोजत बसलेला.
मी खाली जाऊन बॉयलरला दोन फावडी कोळसा घातला.

लहानपणी आई मला शेजारी धाडायची,
लोखंडी पळीत विस्तव आणायला.
सुक्या शेणाच्या तुकड्यावर निखारा, वर भुरभुरलेली राख.
लांब धर. पळू नको.
फुंकू तर मुळीच नको,
घरी आल्यावर फुंकायचं.

वर आलो तर लॅपटॉपवर एक चौकट:
तुम्ही लावलेली डिस्क
या संगणकाला वाचता येत नाही.
बेक्तुर पांढराफटक. "बिघडली! पुन्हा फॉरमॅट करतो."
आयझिरेकने त्याचा हात वरच्या वर धरला
आणि हसली, आल्यापासून पहिल्यांदा.
"असंच म्हणायला हवं त्याने.
लिहिलंय त्याने,
पण त्याच्यासाठी नाही लिहिलेलं."

तिने तो अलगद काढला.
पहिल्या मशीनपर्यंत चार पावलं,
ती चार पावलं आम्ही सगळे तिच्या मागे.
एफ-बारा. एफ-बारा. उशीर झाला, पुन्हा बंद, पुन्हा चालू, एफ-बारा.
काळोख. मग ओळींवर ओळी,
छपरावरून बर्फ घसरावा तशा.
मग भाषांची यादी, लांबच लांब,
बेक्तुर खाली खाली जात राहिला
आणि एकदम थांबला.

या, म्हणत होता पडदा. कोश केलिङिझ.
आमच्या त्या नाकातल्या 'ङ'सकट,
ज्याचं बटण बँकेच्या कीबोर्डावर कधी नव्हतंच.
नुरझात बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
काही बोलल्या नाहीत.

रात्री अकरापर्यंत अकरा उठले.
सातवा नाही उठला.
त्याच्यावर आम्ही चहाचे पेले ठेवले.

उमसुनायला तिची वस्तू परत दिली.
तिने ती उलटीपालटी करून पाहिली.
"आता यात काय आहे?"
बेक्तुरने सांगायला तोंड उघडलं, पण तिला तेवढं थांबायचं नव्हतं.
ती स्वयंपाकघरात गेली, मिठाच्या डब्याचं झाकण उघडलं,
मग ठेवता ठेवता परत फिरली
आणि पेनड्राइव्ह माझ्याच हातात दिला.

"सातव्याला उद्या परत लावून बघा," म्हणाली.
"एवढ्या थंडीत
पहिल्या काडीला कुठे पेटतं."