फॉर्म सातवा

पुस्तक मला मधनंच कळलं.
आमच्या प्रेसात कोण पहिल्या पानापास्नं वाचतंय?
सातवा फॉर्म आधी छापून आला,
शाई ओली, एका कागदावर सोळा पानं,
निम्मी उलटी, निम्मी सुलटी.
हाडाच्या पट्टीनं घडी दाबताना
पान सत्त्याण्णववर हात थांबला.

संकेश्वरच्या बसस्टँडमागं,
रसाच्या बंद गाड्याच्या आडोशाला
श्रेणिक मल्लूच्या ढोपराला हळद लावतोय.
बाकी काही नाही.
ढोपर सोलटलंय, हळद लावतोय.
मल्लू कन्नडात म्हणतोय, ‘साकु’,
म्हणजे पुरे,
आणि पाय काही मागं घेत नाही.

तीस वर्षं घड्या घालते मी.
लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं,
दूध सोसायटीचे अहवाल,
दोन्ही भाषांतल्या मतदारयाद्या.
घडीसाठी वाचावं लागतं तेवढंच वाचते,
पानाचा आकडा.
त्या दिवशी चहा गार झाला.

मग अकरावा आला, मग तिसरा.
अकराव्यात मल्लूचा बाप त्याला मामाकडं धाडतो,
तिसऱ्यात ते दोघं अजून
एकमेकाला ओळखतही नाहीत,
श्रेणिक सायकलीची चेन बसवतोय
आणि मल्लू नुसता उभा, पाना हातात धरून.
पुढचं सगळं मला ठाऊक, त्यांना नाही.
ओरडून सांगावं वाटलं.
पण सांगणार काय?
पळा म्हणू, का थांबा म्हणू?

पारस आला होता मध्ये,
पोस्टातल्या उपाध्येंचा थोरला,
चोवीस वर्षांचा, नखं खाल्लेली.
‘अक्काताई, शेवटचा फॉर्म झाला काय?’
म्हटलं, नाही अजून.
खोटं बोलले.
झाला होता. माझ्या पिशवीत होता,
डब्याच्या खाली, तीन दिवस, न उघडता.
असली पोरं गोष्टीत
शेवटच्या पानापर्यंत पोचत नाहीत,
विहीर असते, रूळ असतात,
एवढं मीही ऐकून होते.

चौथ्या दिवशी उघडला.
दोघं जिवंत.
निपाणीच्या चौकात मिरची भजी खातायत
आणि भांडतायत,
‘अक्का’ हा शब्द कुणाचा,
तुमचा का आमचा.
मी एकटीच हसले, मशीनच्या आवाजात.
माझ्या नावात दोन्हीकडच्या बहिणी
शेजारी शेजारी बसल्यात,
भांडण नाही तंटा नाही.

आम्ही सतराच्या होतो तेव्हा,
वखारीत तंबाखू निवडायला,
शिंकून शिंकून डोळ्याला पाणी.
गंगव्वा नाक पुसायची ते माझ्या पदरानं,
स्वतःचा पदर असताना.
मग ती हुक्केरीला दिली.
आमच्या त्याला काही नाव नव्हतं,
म्हणून कुणी नावंही ठेवली नाहीत.

प्रकाशन रविवारी झालं, वाचनालयाच्या हॉलात.
खुर्च्या साठ, माणसं तेवीस,
त्यातली चार पंख्याखाली बसायला आलेली.
पाहुणे तीनदा म्हणाले, ‘धाडसी’.
धाडसी कसलं?
नीट लिहिलंय की पोरानं.
हळदीचा डाग कसा जात नाही, ते लिहिलंय.
आई मागच्या रांगेत, मांडीवर पेढ्यांचा पुडा.
वडील आत आले नाहीत,
पण दारात उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं,
आणि टाळ्या थांबल्यावर
एकट्यानंच दोन वाजवल्या, उशिरा.
पाठीमागं दोन कॉलेजची पोरं
एकाच प्रतीत डोकी घालून.
मी त्यांच्याकडं बघितलं नाही.
बघितलं नाही म्हणजे, बघू दिलं.

पाचशे प्रती बांधल्या.
एकीत मुद्दाम सातवा फॉर्म सगळ्यात आधी लावला.
हुक्केरीच्या कंडक्टरकडं दिली, पत्ता तोंडी सांगितला.
गंगव्वाला मराठी वाचता यायचं का,
आता आठवत नाही.
उघडलं की आधी हळदच लागेल हाताला.

संध्याकाळी बोरगावे मालकांनी मोजल्या.
‘एक कमी कशी?’
म्हटलं, बाइंडिंग चुकलं.