तारेतला खेळ

बाबांनी एकतीस वर्षं ट्राम चालवली,
ओस्त्राव्हात, बहुतेक आठ नंबरची.
ट्रामला स्टिअरिंग नसतं.
वेग असतो, ब्रेक असतो, घंटा असते,
वळायचं कुठे ते रुळांनी आधीच ठरवलेलं.
माणूस अगदी शब्दशः नाकासमोर जातो.
म्हणून की काय, निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात
बाल्साच्या फळ्या घेऊन आले
आणि आईची इस्त्री करायची जागा गेली.

हे सहावं विमान.
आधीची पाच ओताकारच्या बीटच्या शेतात
कुठे कुठे पडली, त्याचा नकाशा आहे दोघांकडे.
एक अजून सापडलेलं नाही.

या वर्षी मला बोलावलं.
कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
फक्त म्हणाले, येताना ती तुझी पक्कड आण.
मी दिवसभर एका दातांच्या दवाखान्यामागे
शाळकरी मुलांसाठी तारा वाकवते.

गॅरेजात हीटर, कोफोलाची अर्धी बाटली,
जुन्या उशीवर विमान उताणं, पोट उघडं.
आत दोन सर्व्हो, काड्यापेटीएवढे, शेजारी शेजारी.
त्यांच्या दंडापासून पार शेपटीपर्यंत
एकेक तार न्यायची.
या टोकाला दोन काटकोन, झेडसारखे,
(हे माझं काम, दोन मिनिटांचं)
त्या टोकाला आटे, आट्यांवर क्लेविस,
क्लेविसची पिन हॉर्नच्या भोकात.
टक् असा आवाज यायला हवा.
बाबा तो डोळे मिटून ऐकतात
आणि वरून सिलिकॉनचं कडं सरकवतात:
"विश्वास आहेच. पण कडी लावलेली बरी."

"कुठल्या भोकात?"
"सगळ्यात बाहेरच्या.
तिथे हालचाल कमी, पण नेमकी.
पोरं आतलं भोक घेतात,
मग विमान शेळीसारखं उड्या मारतं."

रडर चिमटीत धरून हलवून दाखवलं.
"हा बघ, खेळ.
भोक तारेपेक्षा केसभर मोठं आहे.
इथला केसभर तिकडे काठाशी बोटभर होतो,
आणि वर गेल्यावर किती होतो
ते ओताकारच्या बीटांना विचार.
सर्व्हो बिचारा बरोबरच सांगतो.
मधल्या मधे हरवतं."

मग एक क्लेविस त्यांनी स्वतः उचलला.
पिन भोकाच्या डावीकडे. वर. पुन्हा डावीकडे.
मी हीटरकडे बघत राहिले.
नोव्हेंबरपासून आहे हे.
आईने फोनवर सांगितलं होतं,
लोणच्याच्या बरण्यांबद्दल सांगता सांगता.
तीनदा हुकलं. चौथ्यांदा टेबलाखाली पडलं.
"खेळ आलाय," बाबा म्हणाले,
विमानाबद्दलच बोलत असल्यासारखे.

मी वाकले. भुश्शात तो लगेच दिसला,
तरी थोडा वेळ खालीच राहिले.
वर येऊन हॉर्न नुसता धरून ठेवला, घट्ट.
पिन त्यांनीच बसवली.
टक्.

नंतर चाचणी.
तपासायचं ते नेहमी शेपटीमागून,
समोर उभं राहिलं की उजवं डावं होतं.
बाबा मागे, माझ्या हातात ट्रान्समीटर.
"उजवीकडे."
मी कांडी उजवीकडे ढकलली
आणि रडर मोठ्या तत्परतेने डावीकडे गेलं.

कुणी काही बोललं नाही.
मग बाबा हसायला लागले,
टेबलाला धरून, खांदे हलेपर्यंत,
आणि त्या हलण्यात हाताचं हलणं
कुठे गेलं ते कळलं नाही.
"एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत
एकदासुद्धा हे जमलं नव्हतं मला!"

उपाय सोपा आहे, ट्रान्समीटरवरचा एक खटका.
माझं बोट त्यावर गेलं तर म्हणाले, थांब.
परत ढकल.
मी ढकलली. परत उलटं.
अजून एकदा.

सूप गार झालं हे सांगायला आई आली तेव्हा
आम्ही दोघं अजून
चुकीच्याच बाजूला वळत होतो.