खोबळ्यातली तीन टिंबं

पापाच्या तिकटीला, तांबटांच्या ठोक्यांमागे,
दस्तगीर शिकलगार तलवार आधी बघत नाही.
डोळे मिटून तळहातावर तोलतो,
मग मुठीत बोटं घालतो.
"पंजा ऐसपैस मावला? मग भिंतीवरची.
जुन्या परजेत आपला हात अडकतोय बघ."

नखानं पात्यावर टिचकी.
जुनं पातं उशिरा गप्प होतं.
पन्हाळ्याच्या स्टॉलवरचं टण् म्हणतं आणि संपतं,
जेवणाच्या ताटासारखं.

मी सगळं वहीत लिहून घेतो.
मुठीत लाखेऐवजी एम-सील: नको.
परजेवरचा वाघ फार हसरा: नको.
गंज दोन्ही अंगांना सारखाच: अजिबात नको.
"गंजाला सवड लागती रं. घाई ॲसिडला."

परवा कसबा बावड्याहून मालन चौगले आल्या,
युरियाच्या पोत्यात गुंडाळलेला पट्टा घेऊन.
नवरा सांगायचा, गडाच्या बुरुजात घावला.
आता नवरा नाही,
मुलीच्या नर्सिंगची फी आहे, बावीस हजार.

दस्तगीरनं तोलला. टिचकी मारली नाही.
खोबळ्यात हात घातला,
आतल्या आत काहीतरी चाचपलं
आणि हात तसाच ठेवून बसला.

"माझाच हाय ह्यो. ब्याण्णव सालचा.
ट्रकच्या पाट्याचं पोलाद,
तीन आठवडं मीठ घालून उकिरड्यात पुरल्यालं.
आत तीन टिंबं हायत, बोट लावा.
जगाला न्हाई, निदान मला तरी कळावं म्हणून."

बाईंनी बोट घातलं. मोजली.
"दर खंडेनवमीला झेंडू वाहिलाय ह्याला," म्हणाल्या,
"हळद-कुंकू मीच लावायची."

त्यानं भिंग घेतलं.
त्याच्या गंजावर दुसराच एक गंज चढलेला,
ओल्या हळदीखाली धरलेला,
भिंतीकडच्या अंगाला कमी.
"एवढा मात्र मी केल्याला न्हाई."

"मग किती येतील?"

मी भंगाराचा दर शोधत होतो.
दस्तगीरनं विचारलं, "तवा मालकांनी किती दिलं हुतं?"
"अठराशे, म्हणायचे."
त्यानं गल्ल्यातून अठराशे मोजले, शंभराच्या नोटा,
शेवटची दोनदा.

बाईंनी पैसे कनवटीला खोचले.
मग पट्टाही उचलला,
पोत्यात परत गुंडाळला, सुतळी बांधली.
दस्तगीर काही बोलला नाही. मीही नाही.

बावड्याच्या केएमटीत चढताना
टोक हातभर बाहेर राहिलं होतं.
कंडक्टरनं लगेज लावलं का, कोण जाणे.