उभी रेघ

तार्तूच्या इस्पितळात तळघराला लागून माझं टेबल.
खिडकीतून फक्त पाय दिसतात:
मार्चपर्यंत बूट, मेमध्ये सँडल, अधूनमधून चाकं.
मी रोगी बघत नाही. रकाने भरते.

दात्याचं वय: एकसष्ट.
बर्फाच्या पेटीतले तास: एकोणीस.
न जुळलेल्या खुणा: सहापैकी चार.
घेणाऱ्याचं वय: अठ्ठावन्न. डायलिसिस: सात वर्षं.
हृदयविकार: होय. तंबाखू: होती.
मग एक कळ दाबायची,
यंत्र तांबड्यात सांगतं: धोका जास्त.

हा झिनोवी. पेइप्सी सरोवराकाठच्या कोल्क्याचा,
कांद्याचे उंच वाफे करणारा, जुन्या पंथाचा, दाढीवाला.

त्याच दात्याचं दुसरं मूत्रपिंड
आठ तास आधी क्रिस्तेलला बसवलं होतं.
वय एकोणतीस. न जुळलेली खूण एकच.
यंत्र हिरवं.
डॉक्टर इल्वेस शीळ घालत जिना उतरले, मी ऐकलं.

अकराव्या महिन्यात क्रिस्तेल पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत.
गोदामात पाळ्या. पाळी बदलली
की आठाची गोळी अकराला,
अकराची राहूनच जायची.
म्हणाली, गोळी घेतली की हात थरथरतात,
खोक्यांवर चिकटपट्टी वाकडी लागते,
मुकादम बघतो.
या वाक्याला माझ्याकडे रकाना नव्हता.

झिनोवीकडे त्याची बहीण एव्लांपिया.
सकाळी आठला आणि रात्री आठला ती पितळी घंटा वाजवते
आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत
समोरून हलत नाही.
यालाही नव्हता.

एकदा तो खाली आला. कांद्यांची वेणी टेबलावर ठेवली,
कळफलकात सालं पडली ती अजून निघतात.
"तुझ्या यंत्रात मी कुठे आहे?"
मी आलेख दाखवला. नुसता उतरणारा जिना.
एकेक पायरी म्हणजे कुणाचं तरी मूत्रपिंड थांबलं,
नाहीतर माणूसच.
"आणि या बारीक उभ्या रेघा?"
"ते यायचे बंद झाले.
शेवटच्या भेटीपर्यंत धरायचे, पुढचं माहीत नाही म्हणायचं."
तो वाकून बघत राहिला.
"कांद्याची पात दिसते," म्हणाला. "थंडीत राहिलेली."

मग जाता जाता, दारात:
"माझी वजाबाकी चालली होती. आकडा पुरेना,
तेव्हा शेजारच्या घरातून हातचा मिळाला.
कोण ते सांगू नकोस.
पण त्याला पहाटे चारला उठायची सवय होती.
मी जन्मात सहाच्या आत उठलो नव्हतो."

ते स्टेरॉइडमुळे होतं.
मी सांगितलं नाही.

चौथं वर्ष. फेब्रुवारीची भेट चुकली. मेचीही.
नियमात शंकेला जागा नाही: दोन चुकल्या की रेघ.
बोट कळीवर होतं, तरी आधी फोन लावला.
सकाळचे आठ वाजायला दोन मिनिटं.

एव्लांपिया ओरडूनच बोलते, मध्ये तार नसल्यासारखी.
"जमीन आत्ता कुठे मोकळी झाली. कांदे लावल्याशिवाय येणार नाही तो.
फेब्रुवारीत? रस्ता काचेसारखा होता.
रक्त गावच्या नर्सनं काढलं, कागद समोवाराखाली आहे."
वाचा ना मग.
"चष्मा कुठंय?" आणि मग, "थांब."

रिसीव्हर लाकडावर आपटला.
घंटा.
लांब कुठेतरी एक दार, चिखलाचे बूट झाडल्याचा आवाज,
पुरुषाचा खोकला,
पाण्याचा घोट ऐकू आला असं मला वाटलं,
पण ते शक्य नाही.

मी तारीख टाकली.
क्रिएटिनिन: माहिती नंतर.
जिवंत: होय.

दुपारी क्रिस्तेलचा नवा फॉर्म आला, पुन्हा यादीसाठी.
मागील प्रत्यारोपण: होय.
एवढ्या एका शब्दानं हिरवं यंत्र पिवळं होतं.
खाली 'इतर' असा एक रकाना आहे.
त्यात चाळीस अक्षरं राहतात, आणि यंत्र तो मोजत नाही.
लिहिलं:
पाळीचं काम. हात थरथरतात. घंटा वाजवायला कुणी नाही.

मावलं.